जास्वंद आणि स्फटिक

३० मार्च २०११. मोहालीत भारत-पाकिस्तान विश्वचषकाचा उपांत्य सामना. सचिन तेंडुलकर २३ धावांवर असताना सईद अजमलचा एक चेंडू त्याच्या पॅडवर आदळला आणि पंच इयन गोल्ड यांनी बोट वर केलं. सचिनने दाद मागितली. पडद्यावर चेंडूचा मार्ग उमटला. चेंडू हातातून सुटला, टप्पा पडला, पॅडला लागला, पॅडमधून आरपार पुढे गेला आणि लेग स्टंपला न लागता बाहेरून निघून गेला. निर्णय फिरला. सचिनने ८५ धावा केल्या, भारताने सामना २९ धावांनी जिंकला. सचिन बाद होता, असं अजमल त्यानंतर कित्येक वर्षं सांगत राहिला.

कोण बरोबर, हा वाद इथे उकरायचा नाही. प्रश्न त्या चेंडूचा आहे. पॅडपर्यंत आलेला चेंडू सगळ्यांनी पाहिला. पॅडच्या पलीकडे गेलेला चेंडू मात्र या जगात कधी नव्हताच. खरा चेंडू पॅडला लागून तिथेच संपला होता. जो पुढे गेलाच नाही अशा चेंडूने एका फलंदाजाला जीवदान दिलं, आणि कोट्यवधी लोकांनी तो चेंडू स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला.

याला आपण खोटं म्हणत नाही, आणि ते बरोबरच आहे. पण का म्हणत नाही, याचं उत्तर वाटतं तितकं सोपं नाही. थेट चित्रावर, जे तिथे नाही ते आणून बसवण्याची कला आता मैदानापुरती उरलेली नाही. ती फोनमध्ये आहे, व्हिडिओ कॉलमध्ये आहे, चश्म्यांमध्ये येऊ घातली आहे. तेव्हा यातलं चालण्याजोगं काय आणि न चालण्याजोगं काय, हे ठरवायला काहीतरी कसोटी हवी.

*

या कलेला ऑगमेंटेड रिॲलिटी म्हणतात. हे नाव १९९०च्या सुमारास बोइंग कंपनीत काम करणाऱ्या टॉम कॉडेल यांनी दिलं असं मानलं जातं. विमानातल्या तारांची गुंतागुंतीची जोडणी करणाऱ्या कामगाराला त्याच्या नजरेसमोरच आराखडा दिसावा, अशी ती कल्पना होती. १९९७ मध्ये रोनल्ड अझुमा यांनी तिच्या तीन अटी सांगितल्या, त्या आजही प्रमाण मानल्या जातात. खरं आणि आभासी एकत्र दिसलं पाहिजे, हे सगळं त्याच क्षणी घडलं पाहिजे, आणि आभासी वस्तू त्रिमितीत खऱ्या जागेला धरून राहिली पाहिजे. म्हणजे टेबलावर आभासी कप ठेवला आणि मी मान वळवली, तर कप टेबलावरच राहिला पाहिजे. माझ्या नजरेबरोबर सरकता कामा नये.

चौथी अट अझुमांच्या यादीत नाही, पण हे काम करणाऱ्यांना ती लगेच कळते. आभासी वस्तूला लपता आलं पाहिजे. कपाच्या पुढून माझा हात गेला तर कप हातामागे गेला पाहिजे. तो हातावरच तरंगत राहिला तर सगळा डोलारा क्षणात कोसळतो.

याचं जुनं आणि सुंदर उदाहरण अमेरिकन फुटबॉलमध्ये आहे. त्या खेळात चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जावं लागतं. ती दहा यार्डांची हद्द मैदानावर आखलेली नसते, कारण ती सतत बदलते. २७ सप्टेंबर १९९८ रोजी ईएसपीएनच्या प्रक्षेपणात स्पोर्टव्हिजन या कंपनीने प्रथमच ही हद्द पिवळ्या रेघेने दाखवली. कॅमेरा किती वळला, किती झुकला, भिंग किती पुढे आलं, याची नोंद घेऊन संगणक रेघेची जागा काढतो. पण खरी करामत वेगळीच आहे. गवताचे रंग कोणते आणि खेळाडूंच्या कपड्यांचे कोणते, हे संगणकाला आधी सांगितलेलं असतं, आणि रेघ फक्त गवताच्या रंगांवर रंगवली जाते. त्यामुळे खेळाडू धावत आला की रेघ त्याच्या पायाखाली जाते. ती गवतावर चुन्याने मारल्यासारखी वाटते. खेळाडूला स्वतःला मात्र ती दिसत नाही.

दिसण्यावर नव्हे, तर योग्य वेळी झाकलं जाण्यावर आपला विश्वास बसतो, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. जे खऱ्याच्या मागे जाऊ शकतं, ते आपल्याला खरं वाटतं.

*

जे जिथे नाही ते तिथे आहे असं वाटणं, याचा आपल्याकडे फार जुना विचार झालेला आहे. शंकराचार्यांच्या ब्रह्मसूत्रभाष्याची सुरुवातच अध्यासाच्या चर्चेने होते. एका वस्तूवर दुसऱ्या वस्तूचे धर्म लादणं म्हणजे अध्यास. यालाच आरोप असाही शब्द आहे. रोजच्या मराठीत आरोप म्हणजे ठपका. शास्त्रात आरोप म्हणजे एकावर दुसऱ्याला बसवणं. दोरीवर सापाचा आरोप हे त्याचं घराघरांत माहीत असलेलं उदाहरण. ज्ञानेश्वरीमुळे आणि कीर्तनांमुळे तो साप मराठी माणसाच्या ओळखीचा झाला आहे.

पण आपल्या विषयाला हा साप लागू पडत नाही. दिवा आणला, दोरी दिसली, की साप नाहीसा होतो. ज्ञान झालं की भ्रम संपतो. पडद्यावरच्या पिवळ्या रेघेचं तसं नाही. ती तिथे नाही हे मला पक्कं ठाऊक आहे, तरी ती दिसतच राहते.

वेदान्ताला हा फरक माहीत होता. भ्रम दोन तऱ्हांचे सांगितले आहेत, निरुपाधिक आणि सोपाधिक. दोरीवरचा साप पहिल्या तऱ्हेतला. दुसऱ्या तऱ्हेचं उदाहरण स्फटिकाचं. पांढऱ्या, पारदर्शक स्फटिकाशेजारी जास्वंदीचं फूल ठेवलं की स्फटिक तांबडा दिसतो. स्फटिक तांबडा नाही हे कितीही नीट समजलं तरी तो तांबडाच दिसणार. त्याचा तांबडेपणा जायचा तर एकच उपाय आहे. फूल उचलायला हवं.

थेट चित्रावरच्या आभासी वस्तू या सोपाधिक जातीच्या आहेत, आणि त्यांच्याविषयीच्या नैतिक चर्चेत नेमकी हीच गोष्ट निसटते. चर्चा बहुतेक वेळा ‘प्रेक्षकाला सांगितलं होतं का’ इथे थांबते. कोपऱ्यात बारीक अक्षरांत सूचना दिली की झालं, असं धरून चालतात. पण सूचना म्हणजे दिवा. दिव्याने साप जातो, तांबडेपणा जात नाही. म्हणून विचारायचा प्रश्न असा की फूल कुणाच्या हातात आहे, आणि ते बाजूला ठेवण्याची सोय कुणाला आहे.

या कसोटीवर हॉक-आय उतरतं. फूल सगळ्यांदेखत आणलं जातं. आधी साधं चित्रण दाखवतात, मग त्यावर मार्ग रेखाटतात. दोन्ही आपल्यासमोर असतात, आणि ‘मला नाही पटत’ म्हणायला अजमलला जागा राहते. शिवाय हे तंत्र आपली मर्यादा स्वतःच मान्य करतं. आजच्या नियमांनुसार आभासी चेंडू यष्टींना निसटता लागत असेल, तर मैदानावरच्या पंचाने जो निर्णय दिला असेल तोच राहतो. ‘अंपायर्स कॉल’वर आपण कितीही चिडलो तरी ती एक कबुली आहे, की इथून पुढे गणिताला खात्री नाही. बीसीसीआयने या अंदाजाच्या विश्वासार्हतेवर बोट ठेवून २०१६ पर्यंत द्विपक्षीय मालिकांत त्याला विरोध केला. तो विरोध करता आला, यातच या तंत्राचा प्रामाणिकपणा आहे.

*

आता याच तंत्राचं दुसरं टोक पाहू. ३१ डिसेंबर १९९९च्या रात्री सीबीएस वाहिनीवर डॅन रादर न्यू यॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमधून बातम्या देत होते. त्यांच्या मागे, गर्दीच्या वर, सीबीएसचं बोधचिन्ह असलेला फलक दिसत होता. तो फलक तिथे नव्हता. त्या जागी एनबीसी या स्पर्धक वाहिनीचा भला मोठा पडदा होता आणि सीबीएसने थेट चित्रणात त्यावर आपला आभासी फलक बसवला होता. पुढच्या महिन्यात न्यू यॉर्क टाइम्सने हे उघड केलं. वाहिनीच्या वरिष्ठांनी त्याचं समर्थन केलं. रादर यांनी मात्र हे चुकलं असं म्हटलं.

एक फलक तर बदलला, त्याने कुणाचं काय बिघडलं? बातमीतली माणसं तीच होती, गर्दी तीच, मध्यरात्रही तीच. तरीही अस्वस्थ वाटतं. कारण ते क्रीडाप्रक्षेपण नव्हतं, बातमी होती, आणि ‘मी इथे उभा आहे, माझ्या मागे हे आहे’ हेच बातमीदाराचं सगळं भांडवल असतं. शिवाय तिथे फूल ठेवलंय हेच प्रेक्षकाला माहीत नव्हतं. उचलण्याचा प्रश्नच येत नव्हता.

या प्रसंगात आणखी एक गोष्ट दडली आहे. ऑगमेंट म्हणजे भर घालणं. नावावरून वाटतं की वास्तव होतं तेवढं आहेच, त्यात थोडी भर पडली. पण सीबीएसचा फलक भर घालायला आलेला नव्हता, एनबीसीचा पडदा पुसायला आला होता.

तंत्रातही हा भेद आहे. मायक्रोसॉफ्टच्या होलोलेन्ससारख्या पारदर्शक काचेच्या यंत्रात समोरचं जग काचेतून सरळ दिसतं आणि आभासी वस्तू प्रकाशाने त्यावर उमटते. अशी काच प्रकाशाची फक्त भर घालू शकते. तिला काळा रंग काढता येत नाही, सावली पाडता येत नाही. म्हणून तिथल्या वस्तू किंचित भुतासारख्या दिसतात आणि त्यांच्या आडून खरं जग डोकावत राहतं. ॲपलच्या २०२४ मध्ये बाजारात आलेल्या व्हिजन प्रोसारख्या यंत्रात काचेतून काहीच दिसत नाही. बाहेरचे कॅमेरे जग टिपतात आणि ते थेट चित्रण डोळ्यांसमोरच्या पडद्यांवर येतं. आपण जग पाहतोय असं वाटतं, पण पाहत असतो जगाचं प्रक्षेपण. आणि प्रक्षेपणातला कुठलाही ठिपका बदलता येतो. तिथे भर घालणं आणि पुसून टाकणं यांत तांत्रिक फरक उरत नाही. जाहिरात पुसता येईल, कचऱ्याचा ढीग पुसता येईल, सिग्नलवर हात पसरणारं मूलही पुसता येईल.

*

दुसऱ्याच्या जागेवर फूल ठेवायचा अधिकार कुणाला, हा पुढचा प्रश्न. २०१६च्या जुलैत पोकेमॉन गो आला आणि जगभरची मुलं-माणसं फोन समोर धरून रस्त्यांवर आली. त्याच महिन्यात ऑशविट्झच्या स्मारकाला आणि वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट संग्रहालयाला सांगावं लागलं की हा खेळ इथे नको. आपल्याकडे खेळ अधिकृतपणे यायच्या आधीच, त्या सप्टेंबरात, गुजरात उच्च न्यायालयात याचिका झाली. देवळांच्या जागी खेळात अंडी दिसतात, त्याने हिंदू-जैनांच्या भावना दुखावतात, अशी ती तक्रार होती. न्यायालयाने खेळ बनवणाऱ्या निआंटिक कंपनीला नोटीस काढली.

या तक्रारीला हसणं सोपं आहे. देवळात एकही अंडं नव्हतं. अंडी अक्षांश-रेखांशांवर होती. पण याच तर्काने ऑशविट्झची मागणीही हसण्यावारी न्यावी लागेल, आणि ते आपल्याच्याने होणार नाही. जागेला भिंतींपलीकडेही काही असतं, हे दोन्ही ठिकाणी गृहीत धरलेलं आहे. पुढच्या वर्षी स्नॅपचॅटने जेफ कून्स यांची फुग्यांच्या कुत्र्याची आभासी शिल्पं जगातल्या प्रसिद्ध जागांवर ठेवली. न्यू यॉर्कच्या सेंट्रल पार्कातल्या कुत्र्याची सेबास्तियन एराझुरिझ या कलाकाराने हुबेहूब आभासी प्रत केली, ती त्याच जागी बसवली आणि तिच्यावर रंगाच्या फवाऱ्याने खरडलेली अक्षरं चितारली. त्याचा मुद्दा असा, की बागेत आभासी शिल्प बसवायची परवानगी कंपनीने कुणाला विचारली? सार्वजनिक जागेवरचा हा अदृश्य मजला कुणाच्या मालकीचा?

याच्या उलट बाजूला २०२०च्या टाळेबंदीतली खोली ठेवून पाहू. दहा बाय बाराची खोली. कॅमेऱ्याच्या टप्प्यात गॅस, कपड्यांची दोरी आणि दुपारी आडवी झालेली सासू. ऑफिसची मीटिंग, कॅमेरा चालू ठेवायची सक्ती. अशा वेळी मागे पुस्तकांचं आभासी कपाट लावलं तर ते खोटं बोलणं झालं का? मला तसं वाटत नाही. पाहुणे आल्यावर मधला पडदा ओढून घेण्याइतकंच ते आहे. जागा तिची आहे, फूलही तिच्याच हातात आहे. तेच कपाट कंपनीने सक्तीचं केलं, तर चित्रात काडीचाही बदल न होता गोष्ट बदलते.

चेहऱ्यावरच्या फिल्टरचं काय? तिथेही फूल आपल्याच हातात असतं, पण ते खाली ठेवायची सवय हळूहळू जाते. हातच्या कांकणाला आरसा कशाला, असं आपण म्हणत आलो. आता दागिन्यांच्या दुकानांच्या ॲपमध्ये कांकण आरशातच असतं आणि हात रिकामा असतो. कांकणाच्या बाबतीत ठीक आहे. विकत घेईपर्यंतचाच तो खेळ. गुळगुळीत केलेला चेहरा रोज तासन्‌तास आरशात पाहिला की आपला मूळ चेहराच उधारीचा वाटू लागतो.

*

इथे एक आक्षेप येतो, आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. कोरी नजर कुणाकडे असते? कॅमेरा नसतानाही आपण जगावर काही ना काही बसवतच असतो. रस्त्याकडेच्या दगडाला शेंदूर फासला की त्याचा देव होतो. आणि माणसाचं आडनाव कळलं की आपल्या समाजात त्याच्या चेहऱ्यावर जात दिसू लागते. क्षणापूर्वीचा तोच माणूस, पण आता त्याची भाषा, त्याचा डबा, त्याचं यश वेगळं दिसतं. जात ही माणसाच्या अंगची वस्तू नाही, हे पटलेल्यांच्या डोळ्यांनाही ती दिसत राहते. हाही सोपाधिक भ्रमच. समजून सांगितल्याने तो गेला असता तर शतकांची समाजप्रबोधनं कधीच फळाला आली असती. फूल समाजव्यवस्थेच्या हातात होतं आणि ते तिथून काढून घ्यावं लागतं, हे ज्यांनी ओळखलं त्यांनी उपदेशावर न थांबता कायदे केले, पाणवठे खुले केले.

तेव्हा नवं काय? दोन गोष्टी नव्या आहेत.

पहिली, शेंदूर सगळ्यांना दिसतो. मानणाऱ्याला दिसतो, न मानणाऱ्यालाही दिसतो. त्या दगडावरून भांडण होऊ शकतं, रस्तारुंदीत तो हलवावा की नाही यावर महापालिकेत खडाजंगी होऊ शकते, कारण दगड एकच आहे आणि शेंदूरही एकच. पडद्यावरच्या शेंदराचं तसं नाही. युरोपातल्या फुटबॉल सामन्यांत मैदानाकडेच्या फलकांवर वेगवेगळ्या देशांतल्या प्रेक्षकांना वेगवेगळ्या जाहिराती दाखवण्याचं तंत्र आता रुळलं आहे. सामना तोच, क्षण तोच, चित्रं निराळी. आज ती जाहिरातीपुरती आहेत. उद्या एखाद्या मोर्चाच्या थेट चित्रणात मला घोषणांचे फलक दिसले आणि शेजाऱ्याला दिसलेच नाहीत, तर आम्ही भांडणार कशावरून? भांडायलाही एक समाईक दृश्य लागतं. मतभेद परवडतात, दृश्यभेद झाला की मतभेदाला पाय ठेवायला जागा राहत नाही.

दुसरी गोष्ट आडनावाची. २०२४ मध्ये हार्वर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी एक प्रयोग करून दाखवला. मेटाच्या कॅमेरा असलेल्या चश्म्यातून थेट चित्रण घ्यायचं, त्यातला चेहरा इंटरनेटवरच्या फोटोंशी जुळवायचा आणि अनोळखी माणसाचं नाव, पत्ता वगैरे फोनवर आणायचं. धोका दाखवण्यासाठीच त्यांनी तो केला होता. नाव फोनऐवजी चश्म्याच्या काचेवर, त्या माणसाच्या डोक्याशेजारी तरंगत यायला फार मोठी झेप लागणार नाही. आपल्याकडे त्याचा अर्थ काय होईल, हे वेगळं सांगायला नको. गाव सोडून शहरात आलेल्या कितीतरी माणसांना शहराने दिलेली सगळ्यांत मोठी देणगी कोणती, तर गर्दीत कुणी आडनाव विचारत नाही. लोकलच्या डब्यात चौथ्या सीटसाठी सरकून बसणारा माणूस सरकण्याआधी जात विचारत नाही. त्याच्या चश्म्याने न विचारताच सांगितली, तर तो सरकेल का?

अशा वेळी फूल पाहणाऱ्याच्या डोळ्यांवर असतं आणि तांबडेपणा येतो तो समोरच्याच्या वाट्याला. त्याला ते फूल दिसत नाही, कुणी ठेवलं हे कळत नाही, उचलता तर येतच नाही. तिथे आरोप या शब्दाचे दोन्ही अर्थ एक होतात.

म्हणून माझा आग्रह तंत्राला नकार देण्याचा नाही. ऐकू न येणाऱ्या माणसाला समोरच्याचं बोलणं काचेवर अक्षरांत दिसत असेल, तर त्याचं फूल काढा म्हणणारा मी कोण? ते त्याने स्वतःसाठी ठेवलं आहे आणि त्याने स्फटिक झाकला जात नाही, उलट उजळतो. आग्रह इतकाच, की कुठल्याही थेट चित्राखालचं मूळ चित्र पाहणाऱ्याला मागता आलं पाहिजे आणि ते मिळालं पाहिजे. नुसती सूचना पुरेशी मानू नये. चार माणसांना मिळून ज्यावर निर्णय घ्यायचा आहे, ते चित्र चौघांना सारखंच दिसलं पाहिजे. आणि ज्या माणसावर काही बसवलं जातं, त्याच्या संमतीवाचून ते बसवलं जाऊ नये.

स्फटिक कसा आहे हे एकदा समजून घेतलं की काम झालं, असं समजणं ही चैन दोरी आणि साप यांच्या जगात परवडत होती. इथून पुढे रोज, प्रत्येक चित्रापाशी, हात पुढे करून फूल उचलून पाहावं लागेल. ते आपल्याला उचलता येतं की नाही, हे मात्र यंत्रं घडत असताना आजच ठरतं आहे.